ऑनलाइन आवाहनांवरून देणगी देण्यापूर्वी: पैशाचा मार्ग तपासण्याची रीत

मोबाइलवर येणाऱ्या मदतीच्या आवाहनांविषयी अहमदपूर, चाकूर, उदगीर, लोहा आणि कंधार या परिसरातील वाचकांच्या मनात काही प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात. रुग्णालयातील बालकाच्या छायाचित्राखाली दिलेला क्यूआर कोड खरा कसा मानावा, निधी उभारणाऱ्या संकेतस्थळावर पाचशे रुपये निवडले असता खात्यातून त्याहून अधिक रक्कम का वजा होते, अशा देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते का आणि आवाहन खोटे निघाल्यास पैसे परत मागता येतात का, हे त्यांतील मुख्य प्रश्न होत. या प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यामुळे एक वर्ग डोळे मिटून पैसे पाठवतो आणि दुसरा वर्ग सर्वच आवाहने खोटी समजून खऱ्या गरजवंताकडेही पाठ फिरवतो. या दोन्ही वागण्यांत नुकसान आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला देशभरातून मदत मिळाली, आणि त्या मदतीतून घरे व शाळाही उभ्या राहिल्या. परक्यांनी केलेल्या साहाय्याचे मोल या भागाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच प्रस्तुत विवेचनाचा हेतू देणाऱ्याचा हात आखडावा हा नसून, दिलेला पैसा गरजवंतापर्यंतच पोहोचावा हा आहे. त्यासाठी आवाहन किती हृदयद्रावक आहे याकडे न पाहता, आपण दिलेला पैसा कोणत्या मार्गाने, कोणाच्या खात्यात आणि कोणाच्या देखरेखीखाली जातो, याकडे पाहणे आवश्यक ठरते.

सामूहिक निधी उभारणी म्हणजे काय?

अनेक व्यक्तींकडून इंटरनेटच्या साहाय्याने लहानलहान रकमा गोळा करून एखाद्या ठरावीक कारणासाठी मोठा निधी जमवणे, यास सामूहिक निधी उभारणी किंवा क्राउडफंडिंग असे म्हणतात. आवाहन करणारी व्यक्ती म्हणजे मोहीमकर्ता, ज्याच्यासाठी पैसा गोळा होतो तो लाभार्थी आणि ज्या संकेतस्थळावरून व्यवहार होतो तो मंच, हे तीन घटक प्रत्येक वेळी वेगवेगळे ओळखावेत, कारण बहुतेक गैरसमज हे तिन्ही एकच मानल्यामुळे होतात. भारतात केटो, मिलाप आणि इम्पॅक्टगुरू हे अशा मंचांपैकी परिचित आहेत. एखादी मोहीम नामांकित मंचावर आहे याचा अर्थ मंचाने त्या मोहिमेतील प्रत्येक विधानाची हमी घेतली आहे असा होत नाही. मंचाची जबाबदारी त्याच्या अटी व शर्तींमध्ये जेवढी लिहिलेली असते, तेवढीच सामान्यतः मानली जाते.

पैसा जाण्याचे प्रमुख मार्ग चार आहेत आणि जोखीम त्यांच्या क्रमाने वाढत जाते:

- रुग्णालयाच्या किंवा शासकीय निधीच्या खात्यात थेट भरणा: येथे पैसा मधल्या व्यक्तीच्या हाती येत नाही.
- नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात देणगी: संस्थेला हिशेब ठेवणे, लेखापरीक्षण करून घेणे आणि पावती देणे बंधनकारक असते.
- निधी उभारणाऱ्या मंचामार्फत देणगी: कागदपत्रांची काही तपासणी होते, तथापि शुल्क आणि अटी नीट वाचाव्या लागतात.
- व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर थेट रक्कम: येथे देणाऱ्याची स्वतःची चौकशी हेच एकमेव संरक्षण असते.

यशस्वी मोहिमांवरून काय शिकावे?

सामूहिक निधीने प्राण वाचवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात प्रत्यक्ष झालेले आहेत. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आनुवंशिक आजारावरील एका इंजेक्शनची किंमत २०२१ मध्ये सुमारे १६ कोटी रुपये होती, आणि मुंबईतील एका बालिकेसाठी ही रक्कम लोकांच्या देणग्यांतून उभी राहिली, तर केंद्र सरकारने इंजेक्शनवरील सुमारे ६ कोटी रुपयांचे आयातशुल्क व कर माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड परिसरातील दुसऱ्या एका बालिकेला लोकवर्गणीतून जून महिन्यात तेच इंजेक्शन मिळाले, परंतु ऑगस्टच्या प्रारंभी तिचे निधन झाले. निधी खरा असू शकतो, उपचारही खरा असू शकतो आणि तरीही यश हाती लागेलच असे नाही, हे या दोन घटनांवरून ध्यानात येते. त्यामुळे अपेक्षित परिणाम न झालेल्या प्रत्येक मोहिमेवर फसवणुकीचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरते.

शिल्लक रकमेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. केरळमध्ये २०२१ मध्ये याच आजाराच्या एका बालकासाठी १६ कोटींहून अधिक रुपये जमल्यावर औषध मिळण्यापूर्वीच त्याचे निधन झाले आणि जमलेल्या पैशाचे काय करावे, असा प्रश्न उभा राहिला. उद्दिष्टापेक्षा अधिक रक्कम जमल्यास किंवा उपचार न झाल्यास ती कोणाकडे जाईल, हे मोहिमेच्या पानावर आधीच लिहिलेले आहे का, ते पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

अहमदपूर तालुक्यातील उदाहरणही बोलके आहे. जुलै २०२५ मध्ये हाडोळती येथील एका वृद्ध शेतकऱ्याने बैल नसल्यामुळे स्वतः औत ओढल्याचे चित्रण देशभर पसरले. अभिनेते सोनू सूद यांनी बैल देण्याची तयारी दाखवली, तर सहकारमंत्री व अहमदपूरचे आमदार बाबासाहेब पाटील यांनी कर्ज फेडण्यासाठी साहाय्य केले. मदतीच्या या दोन्ही रीतींत एक गुण समान आहे, तो म्हणजे बैलाची गरज बैलाने आणि कर्जाची गरज कर्जफेडीने भागवली गेल्यास मदत कोठे गेली हे गावाला दिसते. याउलट असे चित्रण पसरलेल्या क्षणी कोणीही तेच दृश्य उचलून त्याखाली स्वतःचा क्यूआर कोड जोडू शकतो, आणि लांबच्या दात्याला तो फरक ओळखता येत नाही.

फसवणूक कोणकोणत्या रूपांत होते?

- खऱ्या निधीशी मिळतेजुळते नाव: मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीचा अधिकृत यूपीआय आयडी जाहीर होताच त्यातील शेवटचे 'एस' हे एकच अक्षर गाळून तयार केलेला बनावट आयडी दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणला होता. एका अक्षराचा फरक घाईत नजरेतून सुटतो, हेच अशा बनावटीचे बळ असते.
- खऱ्या आवाहनाची नक्कल: रुग्ण, छायाचित्र आणि रुग्णालय खरे असते, परंतु खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड तेवढा बदललेला असतो. हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण चौकशी केली असता रुग्ण खराच असल्याचे कळते आणि दाता निश्चिंत होतो.
- जुने आवाहन: उपचार संपल्यावर किंवा रुग्ण दगावल्यावरही संदेश वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यात नेहमी लबाडी असतेच असे नाही, तथापि पैसा कामी येत नाही.
- फुगवलेली गरज: सरकारी योजनेतून उपचार मोफत होत असतानाही पूर्ण खर्चाची रक्कम मागितली जाते.
- मध्यस्थांची टक्केवारी: 'निधी मिळवून देतो' असे सांगून रुग्णाच्या नातेवाइकांकडून आगाऊ पैसे किंवा जमलेल्या रकमेतील हिस्सा घेतला जातो. येथे दाता आणि रुग्ण असे दोघेही नाडले जातात.
- आपत्तीनंतरची बनावट केंद्रे: २०२५ च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यासह नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टीने मोठी हानी झाली. अशा दिवसांत लोकांची देण्याची इच्छा प्रबळ आणि चौकशीची सवड कमी असते, म्हणून नव्याने निघालेल्या अनोळखी 'पूरग्रस्त साहाय्य' नावांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. केरळ सरकारने २०२४ च्या वायनाड भूस्खलनानंतर मुख्यमंत्री निधीचा क्यूआर कोड गैरवापराच्या शक्यतेमुळे मागे घेतला होता, यावरून अधिकृत निधीच्या नावाचाही आधार फसवणुकीसाठी घेतला जाऊ शकतो हे दिसते.

देणगीपूर्वीची तपासणी: सात पायऱ्या

पुढील तपासणीस फारसा वेळ लागत नाही. रक्कम लहान असल्यास पहिल्या चार पायऱ्या पुरेशा ठरतात. रक्कम मोठी असल्यास सातही पूर्ण कराव्यात.

१. थांबावे. 'एका तासात पैसे न भरल्यास उपचार थांबतील' अशा मजकुराने घाई केली जात असेल, तर ती घाईच तपासणीचे पहिले कारण समजावे. रुग्णालयातील खर्च टप्प्याटप्प्याने होत असल्याने चौकशीसाठी घेतलेल्या अर्ध्या दिवसाने मदतीचे मोल सहसा कमी होत नाही.

२. संदेश कोणी पाठवला यापेक्षा तो कोणी लिहिला, हे शोधावे. ओळखीच्या माणसाने संदेश पुढे पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही. पाठवणाऱ्याला 'रुग्णाला आपण स्वतः ओळखता का?' असा सरळ प्रश्न विचारावा. उत्तर 'नाही, मला पण आलं होतं' असे आल्यास तो दुवा तुटलेला मानावा.

३. छायाचित्र तपासावे. गूगल लेन्ससारख्या साधनात छायाचित्र टाकल्यास ते यापूर्वी अन्य नावाने किंवा अन्य शहराच्या उल्लेखासह वापरले गेले आहे का, हे पुष्कळदा कळते. न आढळल्यास मात्र ते खरेच आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नवी छायाचित्रेही तयार करता येतात.

४. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव वाचावे. यूपीआयवर रक्कम भरताना खातेदाराचे नाव दिसते. ते रुग्णाचे, त्याच्या जवळच्या नातलगाचे, रुग्णालयाचे किंवा संस्थेचे नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ट्रस्टच्या नावाने आवाहन आणि खासगी व्यक्तीच्या नावाने खाते ही विसंगती एकटीच नकार देण्यास पुरेशी आहे.

५. रुग्णालयाकडे विचारणा करावी. संदेशातील क्रमांकावर दूरध्वनी करू नये. रुग्णालयाचा क्रमांक त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे मिळवावा. गोपनीयतेमुळे रुग्णालय आजाराचा तपशील सांगणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये, परंतु रुग्णाचा नोंदणी क्रमांक सांगून त्या रुग्णाच्या देयकात थेट रक्कम भरता येईल का, एवढे बिलिंग विभागाला विचारता येते.

६. कागदपत्रे वाचावीत. खर्चाचे अंदाजपत्रक रुग्णालयाच्या नाममुद्रित कागदावर, तारीख, शिक्का, डॉक्टरांची स्वाक्षरी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक यांसह असावे. मागितलेली रक्कम आणि अंदाजपत्रकातील रक्कम यांत मोठे अंतर असल्यास मोहीमकर्त्याकडून लेखी स्पष्टीकरण घ्यावे.

७. गावातून खातरजमा करावी. अहमदपूरसारख्या तालुक्यातील दात्याकडे मोठ्या शहरातील दात्याकडे नसलेले एक साधन आहे. रुग्ण किनगावचा, शिरूर ताजबंदचा किंवा हाडोळतीचा असल्याचे सांगितले गेले असेल, तर तेथील सरपंच, आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी यांच्यापर्यंत ओळखीतून पोहोचणे अवघड नसते. मात्र ही चौकशी करताना कुटुंबाच्या आजाराची आणि गरिबीची चर्चा गावभर होणार नाही, याची काळजी विचारणाऱ्यानेच घ्यावी.

संस्थेला देणगी द्यावयाची असल्यास

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे नोंदले जातात आणि त्यांच्या नोंदणीची माहिती धर्मादाय कार्यालयात तपासता येते. संस्थेकडे पुढील गोष्टी मागाव्यात:

- नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचे ठिकाण;
- संस्थेच्या नावाचे पॅन आणि संस्थेच्याच नावाचे बँक खाते;
- मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल;
- करसवलत मिळेल असा दावा असल्यास आयकर अधिनियमाच्या कलम ८० जी खालील मान्यतेचा क्रमांक व तिची मुदत;
- अनुक्रमांक असलेली पावती.

नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थेचे नाव आढळणे उपयुक्त असले, तरी ती माहितीची नोंद आहे, प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

देणगीआधी रुग्णाचे हक्क पडताळावेत

अनेक कुटुंबे सरकारी योजनांची माहिती नसल्यामुळे लोकांपुढे हात पसरतात. अशा कुटुंबाला पाचशे रुपये देण्याबरोबरच पुढील मार्ग दाखवून दिल्यास त्या मदतीचे मोल लाखांत जाऊ शकते:

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: आयुष्मान भारत योजनेशी एकत्रित केलेल्या या योजनेत संलग्न रुग्णालयांत प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे निर्धारित उपचार विनामूल्य मिळतात. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचा लाभ राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढवण्यात आला. चौकशी १५५३८८ या क्रमांकावर किंवा संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.
- धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा: वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आखलेल्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. निर्धन रुग्णासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. पुणे-मुंबईत उपचार घेणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांनी हा हक्क दाखल होतानाच मागावा.
- मुख्यमंत्री सहायता निधी: गंभीर आजारांसाठी यातून अर्थसाहाय्य मिळू शकते. अर्जासाठी शुल्क नसते. त्यासाठी कोणी पैसे मागत असल्यास ती फसवणूक समजावी.
- दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण, २०२१: निश्चित केलेल्या दुर्मीळ आजारांसाठी मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. या धोरणाखाली केंद्र सरकारने देणगीसाठी स्वतंत्र पोर्टलही चालू केले असून, त्यावर रुग्णाची नोंद उपचार करणारे केंद्र करते. दुर्मीळ आजाराच्या आवाहनावर देणगी देणाऱ्याने रुग्णाचे नाव त्या पोर्टलवर आहे का, हे आधी पाहावे.

एखादी मोहीम खरी असूनही रुग्ण वरीलपैकी एखाद्या योजनेस पात्र असल्यास, योजनेतून न भागणाऱ्या खर्चासाठी, म्हणजे प्रवास, नातेवाइकांचे राहणे-जेवणे, योजनेबाहेरची औषधे आणि बुडालेली मजुरी यांसाठी दिलेली देणगी अधिक सार्थकी लागते.

शुल्क, 'टिप' आणि करसवलत

काही मंच मोहीमकर्त्याकडून शुल्क घेत नाहीत, परंतु देणगी भरण्याच्या पानावर देणगीदाराने मंचासाठी द्यावयाची ऐच्छिक रक्कम, म्हणजे 'टिप', आधीच निवडून ठेवलेली असू शकते. पाचशे रुपये निवडूनही अधिक रक्कम वजा होण्याचे कारण बहुधा हेच असते. टिप देण्यात गैर काही नाही, कारण मंच चालवण्यास खर्च येतो. मात्र ती आपण जाणून द्यावी आणि नको असल्यास शून्य करावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाच्या संमतीवाचून एकूण देयकात अन्य रक्कम किंवा धर्मादाय देणगी मिसळणे ही अनुचित रीत ठरते. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. त्याचप्रमाणे 'दरमहा देणगी' हा पर्याय नकळत निवडला गेलेला नाही ना, हेही पाहावे, अन्यथा स्वयंचलित वजावट सुरू राहते.

करसवलतीविषयी पुढील नियम लक्षात ठेवावेत:

- सवलत ८० जी मान्यता असलेल्या संस्थांना किंवा निधींना दिलेल्या देणगीवर मिळते. व्यक्तीच्या उपचारासाठी थेट त्याच्या खात्यात दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही.
- मुख्यमंत्री सहायता निधी व पीएम केअर्स यांस दिलेली देणगी १०० टक्के वजावटीस पात्र असते, तर बहुतेक खासगी संस्थांच्या बाबतीत ठरावीक मर्यादेत ५० टक्के वजावट मिळते.
- २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही.
- संस्थेने आयकर विभागाला देणगीचा तपशील कळवून देणगीदाराला प्रमाणपत्र देणे अपेक्षित असते. केवळ साध्या पावतीवर विसंबून राहू नये.
- नवीन करप्रणाली निवडलेल्या करदात्याला ही वजावट उपलब्ध नाही.

८० जी हे कलम १९६१ च्या आयकर अधिनियमातील असून १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात. विवरणपत्र भरताना कर सल्लागाराकडून त्या वर्षाचे क्रमांक पाहून घ्यावेत.

परदेशी स्थायिक नातलगांकडून मदत मागवणाऱ्या संस्थांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली स्वतःच्या कमाईतील देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी विदेशी अंशदान ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते.

फसवणूक झाल्याचे लक्षात आल्यास

येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा राहते.

१. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती दाखल करावी. व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा.

२. आपल्या बँकेला आणि यूपीआय अ‍ॅपला कळवावे व तक्रारीचा क्रमांक घ्यावा.

३. पुरावा जपावा. मूळ संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, मोहिमेचे पान आणि व्यवहाराची नोंद यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. लाज किंवा राग यांमुळे संभाषण पुसून टाकण्याची चूक अनेकांकडून होते आणि तपासाचा धागाच तुटतो.

४. पोलीस ठाण्यात जावे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१८, सोपवलेल्या पैशाच्या अपहारासाठी कलम ३१६ आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६ डी लागू होऊ शकते. गुन्हा कोठेही घडलेला असला, तरी जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते.

५. मंचावरील मोहीम असल्यास मंचाकडे लेखी तक्रार करावी आणि रक्कम लाभार्थ्याकडे वळती होण्यापूर्वी ती रोखण्याची मागणी करावी. संस्था गुंतलेली असल्यास धर्मादाय कार्यालयाकडेही अर्ज करावा.

एका मर्यादेची स्पष्ट जाणीव मात्र असावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला दिलेले संरक्षण हे त्याच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेली देणगी त्यात सहसा बसत नाही, म्हणून बँकेकडून भरपाई मिळेल असे गृहीत धरू नये. तसेच 'देणगीची पावती' म्हणून आलेली एपीके (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडू नये, आणि 'पैसे परत मिळवून देतो' असे सांगून पुन्हा शुल्क मागणाऱ्यांना थारा देऊ नये.

स्वतः निधी गोळा करणाऱ्यांसाठी

गावातील मित्रमंडळ किंवा माजी विद्यार्थ्यांचा समूह अनेकदा शुद्ध हेतूने पैसे जमवतो, परंतु हिशेबाची शिस्त नसल्यामुळे नंतर संशयाला जागा राहते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तींनी किंवा मंडळांनी धर्मादाय कारणासाठी जनतेकडून वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे घेतात ती परवानगी हीच. याशिवाय पुढील पथ्ये पाळावीत:

- रुग्णाची, आणि बालकाच्या बाबतीत पालकांची, लेखी संमती घ्यावी; गरजेपेक्षा अधिक वैयक्तिक माहिती वा विवस्त्र किंवा वेदनेने विव्हळणाऱ्या अवस्थेतील छायाचित्रे प्रसृत करू नयेत.
- शक्य असल्यास रुग्णालयाचे खातेच जाहीर करावे. कार्यकर्त्याचे वैयक्तिक खाते वापरू नये.
- उद्दिष्ट, जमा, खर्च आणि शिल्लक यांचा हिशेब ठरावीक दिवसांनी समूहात टाकावा.
- उद्दिष्ट पूर्ण होताच 'संकलन बंद' असा संदेश मूळ आवाहनाइतकाच दूरवर पोहोचवावा.
- शिल्लक रकमेचे काय होईल, हे पहिल्याच संदेशात लिहावे.

वाचकांना आवाहन

आपण देत असलेली रक्कम शंभर रुपयांची असो वा लाखाची, ती कोणाच्या खात्यात जात आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो बजावताना संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रामाणिक मोहीमकर्ता या प्रश्नाने दुखावला जात नाही, उलट त्याचे काम सोपे होते. उत्तर टाळणाऱ्याला पैसे न देणे हाच योग्य निर्णय ठरतो. ज्या आवाहनाची खातरजमा आपण केलेली नाही, ते पुढे पाठवू नये, कारण आपल्या नावावर विश्वास ठेवून दुसरा माणूस पैसे देतो. आणि खातरजमा झाल्यावर मात्र हात आखडता घेऊ नये: रुग्णालयाच्या खात्यात, जमेल तेवढी रक्कम, पावती घेऊन अवश्य द्यावी.